पाठीवरचे आणि वाटेवरचे

प्रवासाला निघताना बरोबर काय घ्यावे आणि त्यातले काय नव्याने विकत घ्यावे, हा प्रश्न आज सोयीचा आणि खर्चाचा समजला जात असला, तरी घरदार सोडून भिक्षेवर जगत गावोगाव चालणाऱ्या श्रमणांनी, म्हणजे प्रामुख्याने बौद्ध आणि जैन संघांनी, तो आचारधर्माचा प्रश्न मानला आणि त्यावर इतक्या बारकाईने नियम केले, की त्यांतून माणूस आणि त्याच्या वस्तू यांच्या नात्याविषयीचा एक सुसंगत विचार हाती लागतो. हा विचार तपासून पाहण्यास मावळाइतका योग्य मुलूख क्वचितच सापडेल. कोकणातील बंदरांवरून बोरघाटाने देशावर येणाऱ्या प्राचीन व्यापारी मार्गालगत भाजे, कार्ले आणि बेडसे येथील लेणी अशा चालणाऱ्यांसाठीच खोदली गेली. आणि त्याच डोंगरांत लोहगड, विसापूर, तिकोना, कोरीगड आणि राजमाची यांच्या वाटांवर आज दर पावसाळ्यात पाठीवर सॅक घेतलेल्या तरुणांची रीघ लागलेली असते.

या विचाराच्या मुळाशी अपरिग्रहाची कल्पना आहे. अपरिग्रह म्हणजे साठा न करणे, गरजेपलीकडचे न स्वीकारणे. पतंजलीच्या योगसूत्रांत तो पाच यमांपैकी, म्हणजे साधकाने प्रथम पाळावयाच्या संयमांपैकी एक आहे, तर जैन धर्मात पाच महाव्रतांपैकी एक. त्याचा रूढ अर्थ जितके कमी तितके चांगले असा केला जातो, आणि हलके ओझे हेच उत्तम ओझे मानणारा आजचा प्रवासीही नकळत तोच अर्थ गृहीत धरतो. परंतु जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंच्या संख्येचा उल्लेखच केलेला नाही. त्यांच्या मते परिग्रह म्हणजे मूर्च्छा, अर्थात वस्तूविषयीची अशी आसक्ती की जिच्यात माणसाचे भान हरपते. ही व्याख्या स्वीकारली तर तीन वस्तू बाळगणारा परिग्रही ठरू शकतो आणि तीस बाळगणारा अपरिग्रही, आणि मग व्रताला माप तरी कोणते उरते, अशी शंका येते. जैन परंपरेने या शंकेचे उत्तर केवळ मनावर सोपवले नाही. दिगंबर मुनीला पिंछी, कमंडलू आणि शास्त्र एवढेच जवळ ठेवता येते, आणि या तिहींना परिग्रह न म्हणता उपकरण, म्हणजे संयमाचे साधन, म्हटले जाते, कारण प्रत्येकाचे काम ठरलेले आहे: मोरपिसांच्या पिंछीने बसण्याची जागा हळुवार झाडून सूक्ष्म जीव बाजूला करावयाचे, कमंडलूतील पाणी शुचितेसाठी वापरावयाचे, शास्त्र ज्ञानासाठी. यांतील पिंछी विशेष विचार करण्याजोगी आहे, कारण ती बाळगणाऱ्याच्या सुखासाठी नसून त्याच्यापासून इतरांना इजा पोहोचू नये म्हणून आहे. मावळातील पाले येथे अर्हंतांना वंदन करून सुरू होणारा, लेणे आणि पाण्याचे टाके खोदविल्याची नोंद करणारा प्राचीन ब्राह्मी लेख आहे आणि तो सामान्यतः जैन मानला जातो. म्हणजे हा विचार या भागात दोन हजार वर्षांपूर्वीच येऊन पोहोचला होता.

मापाचा प्रश्न अधिक थेटपणे हाताळला तो बौद्ध विनयाने. विनयपिटक म्हणजे भिक्खुसंघाच्या शिस्तीच्या नियमांचा संग्रह, आणि त्यातील महावग्ग या भागात चीवरांच्या, म्हणजे भिक्खूंच्या वस्त्रांच्या, संख्येचा नियम कसा झाला त्याची हकिगत आहे. राजगृहाहून वैशालीकडे जाताना बुद्धांना असे दिसले की अनेक भिक्खू वस्त्रांची गाठोडी डोक्यावर, खांद्यावर आणि कमरेवर लादून चालले आहेत. या गाठोड्यांवर तिथल्या तिथे बंदी घालणे सोपे होते. पण वैशालीतील गोतमक चैत्यात मुक्काम असताना, ऐन कडाक्याच्या थंडीत हिम पडत असलेल्या रात्री, ते स्वतः एका चीवरानिशी उघड्यावर बसले. रात्रीचे तीन याम मानले जात. पहिला याम सरताना थंडी वाजू लागली तेव्हा त्यांनी दुसरे चीवर पांघरले, मधला याम सरताना तिसरे आणि पहाटे चौथे. त्यानंतर त्यांनी तीन चीवरांची मर्यादा घातली: कमरेखालचे अंतरवासक, वर घेण्याचे उत्तरासंग आणि सर्वांत बाहेरची संघाटी, आणि यांपैकी संघाटी दुहेरी असावी असे सांगितले, ज्यामुळे पहाटे लागलेला चौथा थर तीन वस्त्रांतच साधला गेला.

या हकिगतीचे महत्त्व तीन या आकड्यापेक्षा तो ज्या रीतीने ठरला त्या रीतीत आहे. कसोटीसाठी वर्षातली सौम्य रात्र निवडलेली नाही आणि सर्वांत कणखर माणूसही निवडलेला नाही, कारण थंडी सहन न होणाऱ्या कुलपुत्रांनाही, म्हणजे चांगल्या घरांतून संघात आलेल्यांनाही, एवढ्यात भागवता येईल, असे नियमाचे समर्थन तेथे दिलेले आहे. त्याहून मोलाची गोष्ट अशी की गरज आधी कल्पून तिच्यासाठी वस्तू जमविण्याऐवजी गरज देहावर उमटू दिली आहे, आणि ती उमटल्यावर एकच वस्तू, पुढची, हाती घेतली आहे. गाठोडी वाहणाऱ्या भिक्खूंना थंडी वाजत नव्हती. थंडी वाजेल या भयापोटी ते ओझे वाहत होते. देहाची गरज मोजता येते, भयाची मोजता येत नाही, आणि म्हणून भयासाठी घेतलेल्या सामानाला कोणतेही गाठोडे पुरत नाही. उमास्वाती ज्याला मूर्च्छा म्हणतात त्याचे प्रवासातील रूप बहुधा हेच असावे.

मर्यादा देहावरून ठरते, तशीच ती भूमीवरूनही ठरते. महावग्गातच पादत्राणांविषयी दोन प्रसंग आहेत. सुखात वाढलेल्या सोण कोळिविसाचे कोवळे तळवे चंक्रमणात, म्हणजे ध्यानासाठी येरझारा घालताना, रक्तबंबाळ झाले, तेव्हा त्याला एकेरी तळाच्या वहाणा वापरण्याची अनुज्ञा मिळाली. पण इतरांना न मिळणारी सवलत एकट्याने घेण्यास त्याने नकार दिला, आणि मग ती सर्वांना दिली गेली. पुढे अवंती-दक्षिणापथात राहणाऱ्या महाकच्चायन या ज्येष्ठ भिक्खूंच्या वतीने त्यांचा शिष्य सोण कुटिकण्ण याने बुद्धांना कळविले की त्या भागातील जमीन कठीण आहे आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली आहे. त्यावर अशा सीमावर्ती प्रदेशांत अनेक पदरी तळाच्या वहाणा चालतील, असे ठरले. एकच व्रत पाळणाऱ्या दोघांच्या पायांत, ते कोठे चालतात त्यानुसार, वेगवेगळी पादत्राणे असू शकतात ही समज येथे स्पष्ट आहे. सह्याद्रीत पावसाळ्यात चालणाऱ्यांनीही अनुभवातून असेच शोधून काढले आहे की परदेशी थंड डोंगरांसाठी बनविलेल्या उंच, जाड, जलरोधक बुटांपेक्षा शेवाळलेल्या काळ्या पाषाणावर पकड देणारे आणि लवकर निथळणारे साधे बूट येथे अधिक उपयोगी पडतात, कारण ओढा गुडघाभर असला की पाणी बुटात वरून शिरते आणि जलरोधक बूट ते आतच धरून ठेवतो. मावळातील शेतकऱ्याचे इरले, म्हणजे पानांनी शाकारलेले डोक्यापासून पाठीपर्यंतचे आच्छादन, भातलावणीसाठी वाकलेल्या माणसाची पाठ कोरडी ठेवते आणि त्याचे दोन्ही हात मोकळे सोडते. त्याचा घाट कामाने ठरविलेला आहे.

नवे केव्हा घ्यावे यावरही विनयाचे उत्तर आहे. जादा भिक्षापात्र दहा दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही, आणि जुन्या पात्राला किमान पाच सांधे पडल्याशिवाय नवे मागता येत नाही. दुरुस्ती हा वस्तूच्या आयुष्याचाच भाग मानणारी ही दृष्टी आहे, आणि शिवून चालण्याजोगी सॅक टाकून दर हंगामात नवी घेणाऱ्यांच्या काळात ती पुन्हा समजून घेण्याची गरज आहे.

अपरिग्रहाचा अर्थ केवळ संख्याकपात नव्हे, हे सर्वांत ठळकपणे दिसते ते परिस्सावनाच्या, म्हणजे पाणी गाळण्याच्या वस्त्राच्या, नियमात. विनयपिटकाच्याच चुल्लवग्ग या भागात कोसल देशात वाट चालणाऱ्या दोन भिक्खूंची कथा आहे: एकाने दुसऱ्याचे गैरवर्तनाबद्दल कान टोचले, दुसऱ्याने मनात अढी धरली, आणि पुढे पहिला तहानेने व्याकूळ होऊन गाळणे मागू लागला तेव्हा त्याला ते दिले नाही, आणि न गाळलेले पाणी पिऊन त्यातील जीवांचा घात करण्यास तयार नसलेला तो भिक्खू तहानेने मरण पावला. यावरून दोन नियम झाले. वाटेत कोणी गाळणे मागितले तर नाकारता येणार नाही, आणि गाळणे न घेता प्रवासास निघता येणार नाही. नसेलच तर संघाटीचा पदर गाळणे म्हणून नेमून घ्यावा. पहिला नियम कृपणाला दोष देतो हे अपेक्षितच आहे. पण दुसरा नियम काहीच न घेता निघणाऱ्यालाही बांधतो. ज्याने आवश्यक वस्तू बरोबर घेतली नाही त्याने आपली गरज सोबत्याच्या पाठीवर टाकलेली असते, आणि हेही एक प्रकारचे हिरावून घेणेच आहे.

मग भिक्खूचे ओझे इतके हलके राहिले कसे, याचे उत्तर मावळच्या कातळात आहे. विनयाने संघाच्या मालमत्तेत गरुभंड म्हणजे जड सामान वेगळे काढले: विहार, मंच, गाद्या, धातूची भांडी, कुऱ्हाड-कुदळीसारखी अवजारे. हे कोणा एकाचे होऊ शकत नाही आणि सगळ्या संघाने एकमताने ठरविले तरी वाटून घेता येत नाही. भाजे येथील विहारांत भिंतीलगत कोरलेले दगडी ओटे हे अशा न हलविता येणाऱ्या शय्याच आहेत, आणि तेथील एक पाण्याचे टाके महारठी विण्हुदत्त याचे दान असल्याचे लेख सांगतो. कार्ल्याच्या लेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई ऋषभदत्त याने वलुरक येथील, म्हणजे कार्ल्याच्या, लेण्यांत वर्षावास करणाऱ्या प्रव्रजितांच्या, म्हणजे घर सोडलेल्यांच्या, निर्वाहासाठी करजिक गाव दिल्याची नोंद आहे. वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे महिने एका जागी राहण्याचे व्रत. ज्याची वर्षभराची मालमत्ता खांद्यावर मावत होती त्याच्यासाठी कोणी डोंगर खोदला होता, कोणी पाणी साठविले होते, कोणी शेत पिकविले होते. हलके ओझे हा स्वावलंबनाचा पुरावा नव्हे. तो ऋणाचा पुरावा आहे, आणि भिक्खूने ते ऋण जाणावे हीच विनयाची अपेक्षा होती. आषाढी वारीतही वारकऱ्याच्या खांद्यावर पडशी आणि हातात टाळ असतो, पण तंबू, शिधा आणि स्वयंपाकाची मोठी भांडी दिंडीच्या ट्रकमधून पुढे जातात आणि ती दिंडीची सामाईक असतात.

आजचा प्रवासी जे विकत घेतो त्यातले बरेचसे या सामाईक गोष्टींवरचा विश्वास गेल्यामुळे घेतो. वाटेत पाणी मिळेल, छप्पर मिळेल, कोणी हात देईल याची खात्री नसलेला माणूस तंबू, स्टोव्ह आणि जलशुद्धीकरणाचे यंत्र यांसह सबंध घर पाठीवर घेऊ पाहतो, आणि बाजार त्याच्या भयाला नवनवी नावे पुरवतो. उलट लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो हे माहीत असूनही विजेरी, शिटी आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कोरडा कपडा न घेता धुक्यात लोहगड-विसापूरवर जाणारा, गाळण्यावाचून निघालेल्या भिक्खूच्या जागी असतो. त्याची गरज रात्री दोर घेऊन निघणाऱ्या शिवदुर्ग मित्रसारख्या स्थानिक बचावपथकाच्या पाठीवर जाते. बचावाचा दोर हे आजच्या मावळातील खरे गरुभंड आहे: तो प्रत्येकाने विकत घेण्यात अर्थ नाही, कारण वापरण्याचे शिक्षण नसलेल्याच्या हाती तो घातक ठरतो, पण तो कोठेतरी, कोणाच्या तरी देखरेखीखाली, सुस्थितीत असलाच पाहिजे, आणि त्याचा खर्च डोंगरावर जाणाऱ्यांनी उचलणे न्याय्य आहे.

तंबूविषयीचा निर्णयही याच कसोटीवर घ्यावा लागतो. राजमाचीच्या उधेवाडीत गावकऱ्यांच्या घरी जेवण आणि अंथरूण-पांघरूण मिळते, म्हणून तेथे तंबू आणि स्टोव्ह नेणे बहुतेकांसाठी अनावश्यक आहे. मात्र ते घर विण्हुदत्ताच्या टाक्यासारखे दान नसून त्या कुटुंबाची उपजीविका आहे, आणि म्हणून घरी ठेवलेल्या तंबूच्या बदल्यात तेथे पूर्ण मोल देणे, घासाघीस न करणे, आणि आपण आणलेला कचरा परत नेण्यासाठी सॅकमध्ये एक रिकामी पिशवी ठेवणे, ही त्या हलक्या सॅकची किंमत आहे.