पिंपाच्या तळाशी सापडलेली किल्ली

डेव्हिड ह्यूम याने १७५७ साली प्रसिद्ध केलेल्या अभिरुचीच्या निकषाविषयीच्या निबंधात ‘डॉन किहोते’मधील एक कथा आली आहे. सांको पान्साच्या दोघा आप्तांना एका पिंपातील वाइनची परीक्षा करावयास सांगितले गेले. दोघांनीही ती चांगली असल्याचा निर्वाळा दिला. मात्र एकाला तिच्यात चामड्याची किंचित चव जाणवली, तर दुसऱ्याला लोखंडाची. दोघांचीही थट्टा झाली. पुढे पिंप रिते झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली निघाली.

किल्लीने दोघांच्या संवेदनक्षमतेचा पुरावा दिला, हे खरे. परंतु वाइन ‘चांगली’ होती, या निर्णयाचा पुरावा कोणत्याही पिंपाच्या तळाशी सापडत नाही. संवेदन आणि मूल्यनिर्णय यांमधील या अंतरातच दांभिक रसिकतेला वाव मिळतो. तेथे बाटलीवरील नाव, साल आणि किंमत हीच पुराव्याची जागा घेतात.

बोर्दो येथील संशोधकांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ५४ विद्यार्थ्यांनी रंग मिसळून लाल केलेल्या पांढऱ्या वाइनचे वर्णन तांबड्या वाइनच्या परिभाषेत केले. यावरून सारी रसिकता ढोंगच ठरते काय? तसे ठरत नाही. अपेक्षा संवेदनेच्या आधी येऊन बसते, एवढेच यातून दिसते. हे विद्यार्थी चुकले. त्यांनी ढोंग केले नाही. उलट पॅरिस येथे २४ मे १९७६ रोजी लेबले झाकून झालेल्या परीक्षणात फ्रेंच परीक्षकांनी दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या वाइनला पहिला क्रमांक दिला. तेथे जिभेने प्रतिष्ठेविरुद्ध साक्ष दिली.

अभिरुची सामाजिक भेद राखण्याचे साधन असते, हे बुर्द्यू याने १९७९ साली सविस्तर दाखविले. तेव्हा प्रतिष्ठेच्या वासनेपासून सर्वस्वी मुक्त असा आस्वादक शोधणे व्यर्थ होय. निकष हेतूच्या शुद्धतेचा नसून दुरुस्त होण्याच्या तयारीचा आहे. दांभिक मनुष्य अज्ञानी असतोच असे नाही. तो आपले ज्ञान चर्चा संपविण्यासाठी वापरतो. आस्वादक तेच ज्ञान स्वतःचा निर्णय पणाला लावण्यासाठी वापरतो.

आय. ए. रिचर्ड्स याने केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे झाकून कविता दिल्या आणि त्यांच्या वाचनातील गफलती १९२९ साली ग्रंथरूपाने मांडल्या. त्या गफलतींना हसण्यापूर्वी आपण समीक्षकांनी स्वतःला विचारावे : नाव झाकलेले असताना दिलेला कोणता निर्णय आपण आजवर जाहीरपणे मागे घेतला आहे?