समुद्राचा फर्ज-ए-किफाया

समुद्राचे पाणी पाक आणि त्यातले मेलेलेही हलाल, ही हदीस किनाऱ्यावरच्या मुसलमानाला वेगळी शिकवावी लागत नाही. बकऱ्याला जबीहा लागतो, पापलेटला लागत नाही. समुद्रातले काय काय खावे यावर शाफई आणि हनफी यांच्यात मतभेद आहेत. पाण्याच्या पाकीवर नाहीत. ही सवलत म्हणजे समुद्रावर टाकलेला विश्वास आहे. तो विश्वास माणसाच्याच हातांनी मोडत असेल तर जाब कोणी द्यायचा?

आमची चिंचणी डहाणू तालुक्यात. जवळच तारापूर-बोईसरची औद्योगिक वसाहत, आणि दूर समुद्रात 1974 साली सापडलेले मुंबई हायचे तेलक्षेत्र. पावसाळी वारे सुटले की समुद्रात सांडलेले तेल डांबराच्या गोळ्यांच्या रूपाने पश्चिम किनाऱ्याला लागते. मासळीच्या विणीसाठी मासेमारी बंद असते तेही याच जून-जुलैत. अनेक माशांची अंडी पाण्याच्या वरच्या थरात तरंगतात, आणि तवंगही तिथेच असतो. कासवाला फुफ्फुसे असतात. श्वास घ्यायला ते वर येते ते त्याच तवंगात.

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजे आदळली, शेकडो टन तेल समुद्रात गेले. तिथे निदान जहाजांची नावे ठाऊक होती. किनाऱ्याला लागलेल्या डांबराच्या गोळ्यावर मात्र कोणाचेच नाव नसते. तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित न्यायाधिकरणात गेली. 2022 साली न्यायाधिकरणाने शंभरावर कारखान्यांना भरपाई भरण्याचा आदेश दिला. गुन्हा इतक्या हातांत वाटला गेला की प्रत्येकाला आपला हात स्वच्छच वाटतो.

कोणी म्हणेल, कारखान्यावर हजारो घरांची रोजी चालते. खरे आहे. एकाच घरात थोरला कामावर जातो आणि धाकटा डोल जाळे टाकतो. पण एकाची हलाल रोजी दुसऱ्याची रोजी बुडवून उभी राहत असेल, तर तो हिशेब आखिरतपर्यंत उघडाच राहणार. शिवाय हुकूक फक्त माणसाचेच नसतात. सूरह अनआमच्या 38 व्या आयतीत जनावरांना आणि पाखरांना आपल्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. पापलेटची काळजी आपल्या ताटासाठीही असू शकते. कासव वाचवून मात्र काहीच हाती येत नाही. म्हणून नियतीची खरी परीक्षा तिथे होते. डहाणूला जखमी कासवांवर उपचार करणारे स्वयंसेवक ती परीक्षा देत आहेत.

यावर उत्तर आपल्या फिकहमध्येच आहे. जनाजाची नमाज फर्ज-ए-किफाया आहे: काहींनी पढली तर सर्वांची जबाबदारी उतरते, कोणीच पढली नाही तर सगळी वस्ती गुन्हेगार. मय्यत कोणाच्या घरची, हे तिथे विचारले जात नाही. समुद्राचेही तसेच मानावे. तवंग दिसला की तटरक्षक दलाला आणि प्रदूषण मंडळाला कळवणे, होडीचे आणि गॅरेजचे जळके तेल खाडीत ओतू न देणे, जनसुनावणीत मांगेला-कोळी भावांच्या बाजूला बसणे, जुम्याच्या खुतब्यात हा विषय येणे, ही त्या फर्जची साधी रूपे.

30 ऑगस्ट 2024 रोजी आमच्याच तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्यात द्रवरूप मालासाठी वेगळे धक्के योजलेले आहेत. जहाजे वाढतील, तेलाची ये-जा वाढेल. बंदर हवे की नको यावर आपल्यात मतभेद राहतील. पाणी पाक राहावे यावर तरी नसावेत.