आर नेमका किती?

चि. ओंकार यास,


तुझं अ‍ॅम्प्लिफायरचं सर्किट पाहिलं. टीडीए २०३० निवडलास ते बरं केलंस. जळला तरी तपकीर गल्लीत दुसरा मिळेल. इनपुटच्या हाय-पास फिल्टरचा हिशेब मात्र पुन्हा मांड. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पुढे ग्राउंडला १०० किलोओहम, म्हणून कटऑफ १६ हर्ट्झ, असं तू लिहिलंस. एक भागिले दोन पाय आर सी हे सूत्र बरोबर, आर चुकला. तुझा सप्लाय प्लस-मायनसचा आहे. त्या सर्किटात आयसीच्या इनपुट पिनेपासून ग्राउंडला २२ किलोओहम आधीच असतो, डेटाशीट उघडून बघ. तो काढायचा नाही. पिनेचा बायस करंट त्यातूनच वाहतो. तुझे १०० त्याला समांतर पडतात आणि दोन्ही मिळून उरतात १८. आता कटऑफ काढ. ८८ हर्ट्झ! डग्ग्याचा घुमारा तिथेच मार खाईल आणि तू स्पीकरला नावं ठेवत बसशील.

म्हणून १०० काढून टाक, कपॅसिटर १ मायक्रोफॅरड कर. कटऑफ ७.२ हर्ट्झवर येईल. कानाला २० च्या वरचंच ऐकू येतं, मग इतकं खाली कशाला, असं विचारशील. अरे, कटऑफवर पोचेपर्यंत व्होल्टेज ७१ टक्क्यांवर आलेलं असतं, म्हणजे ३ डेसिबल गेलेच. कटऑफ ७.२ असेल तर २० हर्ट्झला घट जेमतेम अर्धा डेसिबल. शिवाय फीडबॅकमधले ६८० ओहम आणि २२ मायक्रोफॅरड तुझ्या नजरेतून सुटलेत. ती जोडीही १०.६ हर्ट्झच्या खाली गेन उतरवते, आणि दोन्हीकडची घट एकात एक मिसळते. मी तिथे ४७ मायक्रोफॅरड लावला असता.

कपॅसिटर साधा पॉलिएस्टर फिल्मचा घे. एवढ्या व्हॅल्यूचा सिरॅमिक नको. त्यावरचं व्होल्टेज बदललं की त्याची कपॅसिटी बदलते. ‘ऑडिओ ग्रेड’ म्हणून कुणी दसपट भाव सांगितला तर सरळ पुढच्या दुकानात जा. ते पैसे ट्रान्सफॉर्मरवर घाल.

व्हॉल्यूमचा १० किलोओहमचा पॉट कपॅसिटरच्या आधी ठेव. नंतर ठेवलास तर कपॅसिटरला दिसणारा रोध नॉब फिरवताना १० किलोओहमपासून ७ पर्यंत सरकतो आणि कटऑफही १६ पासून २३ हर्ट्झपर्यंत हलतो. आवाज वाढवावा तसा खर्ज पातळ, हे कुणाला हवंय? आधी ठेवल्यावर पॉटचा रोध फार तर अडीच किलोओहम भरतो. तेवढा सोडून दे. फक्त सोर्समधून डीसी येत असेल तर पॉट खरखरेल. तेव्हा त्याच्याही आधी एक कपॅसिटर लाव.

बाबांचे ते ४ इंची, मागे भोक असलेले स्पीकर जोडणार असशील तर गोष्ट वेगळी. पेटीच्या ट्यूनिंगखाली कोनला हवेचा आधार उरत नाही, तो नुसता हेलकावतो. तिथे मुद्दाम ०.१ आणि २२ ची जोडी लाव, कटऑफ ७२ हर्ट्झ. तरी ३६ हर्ट्झला घट ७ डेसिबलच मिळेल. एकटा आरसी हळूच उतरतो. तेव्हा त्या स्पीकरवर आवाज बेताने.

तुझा,
अप्पामामा