तपासणी म्हणजे अविश्वास काय?

आपल्यातील पुष्कळ तरुण-तरुणी आज पुणे, हैदराबाद, बंगळूर येथील सॉफ्टवेअर कंपन्यांत कामाला आहेत. बेळगाव, इंदूर, बडोदे अशा गावांतून ती तिकडे जातात. सणासुदीला घरी आली म्हणजे आपण त्यांना पगार विचारतो, परदेशी जाण्याचे विचारतो. परंतु दिवसभर ती नेमके काय करतात, हे फार थोडे जण विचारतात. आम्ही एकदा ओळखीच्या एका मुलीला ते विचारले. तिच्या उत्तरातून जो प्रश्न निघाला, त्याने आम्हांस पुष्कळ दिवस विचार करावयास लावले.

ती म्हणाली, "काका, पहिल्याच आठवड्यात मी लिहिलेला प्रोग्राम सतरा शेरे मारून परत आला. त्या रात्री मी रडले. वाटले, यांचा माझ्यावर विश्वासच नाही."

तिच्या कंपनीत रीत अशी की, कोणीही लिहिलेला कोड दुसऱ्या सहकाऱ्याने ओळ अन् ओळ वाचून संमती दिल्यावाचून मुख्य प्रोग्राममध्ये घ्यावयाचा नाही. ह्याला ते कोड रिव्ह्यू म्हणतात. पुढे त्याच्या चाचण्या होतात, मग तो आधी थोड्याच संगणकांवर चालवून पाहतात, आणि बिघाड न दिसला तरच सर्वत्र नेतात. आता प्रश्न असा: प्रामाणिक व हुशार माणसाचे काम असे तपासणे हा त्याचा अपमान नव्हे काय?

उत्तर देण्यापूर्वी दोन घडलेल्या गोष्टी पाहू. कॅनडातील एका सरकारी कंपनीने कर्करोगावर किरणोपचार करणारे 'थेरॅक-२५' नावाचे यंत्र तयार केले. जुन्या यंत्रांत किरणांचा मारा हाताबाहेर जाऊ नये म्हणून सॉफ्टवेअरहून वेगळी यांत्रिक अडसरे होती. नव्या यंत्रात ती काढून टाकली आणि सारा भार सॉफ्टवेअरवर टाकला. ते सॉफ्टवेअर एकाच माणसाने लिहिलेले होते. 1985 ते 1987 या काळात अमेरिका व कॅनडा येथे सहा रोग्यांना प्रमाणाबाहेर किरण मिळाले. काहींना त्यात प्राण गमवावे लागले. रोगी भाजल्याचे सांगत होते, तरी कंपनी म्हणे, आमच्या यंत्राकडून असे होणेच शक्य नाही. अखेर 1986 साली टेक्सासमधील टायलर गावच्या रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञाने व यंत्र चालविणाऱ्या बाईने तोच बिघाड पुन्हा घडवून दाखविला. बाईंचा हात कीबोर्डावर सरावाने इतका जलद चाले की, तिने केलेली दुरुस्ती प्रोग्रामच्या ध्यानातच येत नसे.

दुसरी गोष्ट पैशाची. नाइट कॅपिटल ही अमेरिकेतील शेअरबाजारात व्यवहार करणारी मोठी कंपनी. तिने नवा प्रोग्राम आठ सर्व्हरांवर चढवावयाचा होता. काम करणाऱ्याकडून एक सर्व्हर राहिला. दुसऱ्या कोणी ते पाहावे असा लेखी नियम नव्हता, आणि कोणी पाहिलेही नाही. 1 ऑगस्ट 2012 रोजी बाजार उघडला, त्या एका सर्व्हरवरचा जुना, टाकून दिलेला कोड जागा झाला, आणि सुमारे 45 मिनिटांत कंपनीचे 46 कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. बाजार उघडण्यापूर्वी यंत्राने स्वतः 97 ई-मेल पाठविले होते. ते इशारे म्हणून कोणी वाचलेच नाहीत. पुढच्याच वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

या दोन्ही ठिकाणी कोणी चोर नव्हता, आणि हीच गोष्ट ध्यानात धरावयाची आहे. तपासणी केवळ लबाडासाठी असते अशी आपली समजूत आहे, म्हणूनच ती आपणांस झोंबते. पण प्रामाणिकपणा चूक टाळू शकत नाही. तो फार तर झालेली चूक कबूल करवितो. आपणच लिहिलेले पत्र आपण दहादा वाचतो आणि गाळलेला शब्द दिसत नाही, कारण डोळा कागदावरचे न वाचता मनातले वाचतो. बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात, म्हणून ते दोघे एकमेकांना चोर समजत नाहीत. उलट, संशयाचा प्रसंग आलाच तर त्या रीतीमुळेच दोघांची अब्रू राखली जाते.

यावर कोणी म्हणेल, दोघे जबाबदार झाले म्हणजे कोणीच जबाबदार राहत नाही. लिहिणारा म्हणतो, तपासणारा पाहील. तपासणारा म्हणतो, लिहिणारा जाणता आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला नियमाने उत्तर देता येत नाही. न वाचता केलेली सही ही तपासणी नसण्यापेक्षाही वाईट, कारण ती खोटा भरवसा देते. शुक्रवारी संध्याकाळी, घरी जाण्याच्या घाईत, मित्राला वाईट वाटू नये म्हणून 'ठीक आहे' असे लिहिणे हे आम्हांस दया वाटत नाही. ते असत्य होय. त्याची किंमत मित्र देत नाही, कधी न पाहिलेला कोणी रोगी किंवा खातेदार देतो.

दुसरा आक्षेप असा की, चुकीबद्दल शिक्षा नसेल तर माणसे बेफिकीर होतील. पुष्कळ कंपन्यांत मोठा बिघाड झाल्यावर एक टिपण लिहितात. त्यात कोण चुकला यापेक्षा कोणत्या रीतीमुळे चुकणे शक्य झाले, हे शोधतात. आम्हांस हे योग्य वाटते. पण येथे भेद केला पाहिजे. हातून झालेली चूक वेगळी आणि जाणून झाकलेली चूक वेगळी. पहिलीला शिक्षा केली की दुसरी वाढते. घरी वा शब्बाथ शाळेत मुलांना शिकविणाऱ्यांना हे सांगावयास नको: फुटलेल्या कपाबद्दल मार मिळाला की, पुढचा कप पलंगाखाली सापडतो.

मात्र एक अट आहे. तपासणी खालच्यांची होते आणि वरिष्ठांची होत नाही, तेथे ती अपमानच ठरते. मुलीचा कोड जसा वाचला जातो, तसा तिच्या साहेबांचाही वाचला गेला पाहिजे, आणि नवख्याने काढलेली चूक त्यांनी मुकाट्याने दुरुस्त केली पाहिजे.

त्या मुलीला आता चार वर्षे झाली. ती दुसऱ्यांचे काम तपासते. आम्ही विचारले, नवख्यांना तूही सतरा शेरे मारतेस काय? ती म्हणाली, "कधी कधी जास्तही मारते. पण आधी त्यांच्याजवळ जाऊन बसते, आणि माझे ते सतरा दाखवते."