तू हो पुढं, मी आलोच

यवतेश्वरच्या घाटात, सातव्या किलोमीटरच्या आसपास, माझ्या मित्रानं मला हे पाच शब्द सांगितले आणि मी पुढं झालो. इतकीच गोष्ट आहे. पण या पाच शब्दांनी मला वर्षभर पिडलंय.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२पासून होते. २१ किलोमीटर, निम्मा चढ आणि निम्मा उतार. शहर मागं पडलं की घाट सुरू होतो, कासच्या रस्त्यावर कुठंतरी वळायचं आणि आलो त्याच वाटेनं खाली यायचं. पावसाळ्याचा शेवट असतो, धुकं असतं, कडेला तेरडा फुललेला असतो. मी हे सगळं नंतर फोटोत पाहिलं. त्या दिवशी मी फक्त मनगटावरचं घड्याळ बघत होतो. दोन तासांच्या आत यायचं होतं.

मित्राला पंधरा दिवसांपूर्वी ताप येऊन गेला होता. चढावर त्यानं पोटरी धरली आणि तो कडेला झाला. मी थांबलो आणि विचारलं, "जाऊ का?" त्यावर तो ते म्हणाला. आता वाटतं, "थांबू का?" असं विचारायला हवं होतं. ऐकायला दोन्ही प्रश्न सारखेच वाटतात, पण "जाऊ का?"ला "नको" म्हणणं फार अवघड असतं.

थोडं मागं जातो. मी सांगलीचा. आमच्याकडं चढ म्हणजे आयर्विन पुलाचा. पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करतो, दिवसभर खुर्चीत. तो साताऱ्याचा, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर माझा रूममेट होता. गेल्या मार्चमध्ये त्याची नोकरी गेली. अर्ध्या तासाच्या व्हिडिओ कॉलमध्ये अख्खी टीम गेली. मला हे त्यानं एप्रिलमध्ये सांगितलं, तेही अजिंक्यताऱ्याच्या चढावर. धावताना एक बरं असतं, दोघंही समोर बघत असतात. तोंडाकडं बघून जे बोलता येत नाही ते रस्त्याकडं बघून बोलता येतं.

तो उन्हाळा आम्ही डोंगरात काढला. मी शनिवारी संध्याकाळी एसटीनं साताऱ्याला जायचो आणि रविवारी पहाटे पाचला आम्ही बाहेर पडायचो. कधी अजिंक्यतारा, कधी सज्जनगडाचा रस्ता. एकदा जरंडेश्वर, तिथं मी निम्म्यावर बसकण मारली होती. मे महिन्यात तो दोनदा आमच्याकडं आला, "तुमचा पण डोंगर बघूया की" म्हणत. मिरजेच्या पुढं दंडोबा आहे, तिथं नेला. चढावर पावलं बारीक टाकायची, नजर माथ्यावर न ठेवता पुढच्या आठ-दहा फुटांवर ठेवायची, उतारावर ब्रेक मारत धावलं तर दुसऱ्या दिवशी मांड्या जिना उतरू देत नाहीत, हे सगळं त्याच्याकडून शिकलो. तो माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान. पुढं पळायचा, वळून माझ्याकडं यायचा, परत पुढं. माझे दहा किलोमीटर होईपर्यंत त्याचे बारा-तेरा व्हायचे. एकदाही तो "मी होतो पुढं" म्हणाला नाही.

म्हणजे अख्खा उन्हाळा तो माझा पेसर होता. २०१९ साली व्हिएन्नात एल्यूड किपचोगे एक तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर धावला, तेव्हा ४१ पेसर आलटून-पालटून त्याच्या सोबत होते. ते त्या सकाळी दुसऱ्याच्या वेळेसाठी धावले. पण त्यांना आधीच माहीत होतं की आपलं काम काय आहे. माझ्या मित्राशी मी असं काही ठरवलं नव्हतं. आम्ही "एकत्र धावायचं" इतकंच म्हणायचो. एकत्र म्हणजे शेवटपर्यंत की सराव संपेपर्यंत, हे विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. कोडमध्ये अशी एखादी गोष्ट मोघम ठेवली तर मला झोप लागत नाही.

माझी बाजू मांडायची तर भक्कम आहे. तो शुद्धीत होता, जखमी नव्हता. सज्ञान माणूस स्वतःबद्दल जे सांगतो ते तसंच घेणं हा त्याचा मान राखणं आहे. "तू म्हणतोस खरं, पण तुला नक्की काय हवंय ते मला कळतं," असं म्हणणारे लोक किती त्रासदायक असतात हे आपण घरोघरी बघतोच. दुसरीकडं, आपल्या घरांत शब्द नेहमी शब्दासारखे वापरले जात नाहीत. शेवटची पोळी राहिली की आई म्हणते, "माझं पोट भरलंय." तिचा शब्द प्रमाण मानून ती पोळी खाणारा मुलगा तिच्या मताचा आदर करतोय असं कुणी म्हणणार नाही. मग घाटातलं "तू हो पुढं" कुठल्या जातीचं होतं? मला सोयीचं ते मी ऐकलं, एवढं मात्र खरं.

रिओ ऑलिम्पिक आपल्या भागात लक्षात आहे ते ललिता बाबरमुळं. माण तालुक्यातल्या मोहीची ही मुलगी २०१६मध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. दुसऱ्या दिवशी त्याच ट्रॅकवर महिलांच्या ५००० मीटरच्या प्राथमिक फेरीत न्यूझीलंडची निक्की हॅम्बलिन पडली आणि तिला अडखळून अमेरिकेची अ‍ॅबी डॅगोस्टिनो पडली. अ‍ॅबी आधी उठली, तिनं निक्कीला उठवलं. मग अ‍ॅबीचा गुडघा साथ देईना, तेव्हा निक्की तिच्यासाठी थांबली. दोघींची आधी ओळखही नव्हती. तो फोटो जगभर फिरला, तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल, खाली खिलाडूवृत्तीचा सुविचार लावून.

पण फोटोच्या पुढचं फार जणांना आठवत नाही. शेवटी निक्की पुढं गेली. अ‍ॅबी तिच्या मागून, दुखऱ्या पायानं, बऱ्याच उशिरा आली. निक्की शेवटच्या रेषेवर तिची वाट बघत उभी होती. तिनं तिथं तिला मिठी मारली.

हे वाचलं तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे पुढं जाणं हा गुन्हा नव्हे! मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि पोटात कसंतरी झालं.

मी एक तास ५७ मिनिटांत आलो. मेडल घेतलं, घामेजला फोटो काढला, स्ट्राव्हावर चढवला, सांगलीच्या ग्रुपवर टाकला आणि पोह्यांच्या रांगेत उभा राहिलो. तो दोन तास ४८ मिनिटांनी आला. चालत, लंगडत, पण आला. त्या वर्षात त्याला काहीतरी एक पूर्ण करायचं होतं, आणि हे मला सगळ्यात चांगलं माहीत होतं. रेषेवर तेव्हा मी नव्हतो. मी पोहे संपवून दुसऱ्या कुणाच्या तरी वेगाची चौकशी करत होतो. तोच मला शोधत आला.

"मी आलोच" म्हणताना आपण भूतकाळ वापरतो, हे मराठीचं मला फार आवडतं. माणूस अजून निघालेलाही नसतो आणि म्हणतो, आलोच. ऐकणाऱ्यानं ते धरून चालायचं असतं, म्हणजे तो येणार हे धरून तिथं असायचं असतं. त्यानं मला "हो पुढं" म्हणून सोडलं होतं ते या दुसऱ्या अर्ध्या वाक्यासकट. मी पहिलं अर्धं घेऊन पळालो.

डिसेंबरमध्ये मी त्याला फोनवर हे सगळं सांगितलं. बराच वेळ माफी मागितली. तो वैतागला. म्हणाला, "गड्या, थांबला असतास तर मी शिव्याच घातल्या असत्या. तुझी वेळ माझ्यामुळं गेली, हे आणि मी कुठं वागवत बसू?" मग थोडं थांबून म्हणाला, "खाली मात्र तू दिसला नाहीस." आणि विषय बदलून नव्या नोकरीच्या इंटरव्ह्यूबद्दल बोलायला लागला.

ती नोकरी त्याला लागली, पुण्यात. या उन्हाळ्यात आम्ही तीनच रविवार धावलो. गेल्या वेळी दंडोबावर तो नेहमीसारखा पुढं जाऊन वळून आला, माझ्या बाजूनं काही वेळ गप्प पळाला आणि परत पुढं गेला. यंदाच्या शर्यतीला नाव नोंदवलंय का, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. माझं मी नोंदवलंय.