काचपट्टीपलीकडचा माणूस

वर्धा जिल्ह्यातील हिंगणीसारख्या गावातून एखादी मुलगी जैववैद्यक शास्त्राच्या पदवीसाठी शहरात जाते, तेव्हा घरची माणसे विचारतात, “म्हणजे तू डॉक्टर होणार ना?” ती डॉक्टर होणार नसते. तिच्या हाती येणार असतो तो केवळ रुग्णाच्या रक्ताचा थेंब. मग या शिक्षणास सेवा म्हणावे काय?

आम्हांस वाटते, म्हणावे. पण एका अटीवर. १८७३ साली नॉर्वेच्या हान्सेन यांना कुष्ठरोगाचा जंतू दिसला आणि आनुवंशिक मानलेल्या त्या रोगाचे खरे कारण कळू लागले. त्याच हान्सेन यांनी १८७९ साली एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, तिच्या संमतीवाचून, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतील द्रव्य टोचले. न्यायालयाने त्यांना रुग्णालयातील पदावरून दूर केले. जंतूचा शोध घेताना त्यांना माणसाचा विसर पडला होता.

वर्धा जिल्ह्यातच, सेवाग्राम आश्रमात, गांधीजी कुष्ठरुग्ण परचुरे शास्त्रींना स्वहस्ते मालिश करीत. त्या हातांपाशी जंतूवरचे औषध नव्हते. रुग्णाविषयी आदर मात्र होता.

प्रयोगशाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलांना आपण जंतू ओळखणारी नजर मिळवण्यास जरूर सांगावे. त्याबरोबरच हेही सांगावे की, काचपट्टीवरील थेंब ज्याचा आहे, त्याला विचारल्यावाचून त्याच्या देहावर आपला हक्क पोहोचत नाही.