वारसा आणि दोष

आमच्या देवळाचे हिशेब वीसएक वर्षे निरपेक्षपणे सांभाळणारे एक महाजन गेल्या वर्षी यकृताच्या कर्करोगाने निवर्तले. प्रथम यकृताचे काठिण्य, डॉक्टर ज्याला सिरोसिस म्हणतात ते, आणि त्यातूनच पुढे कर्करोग, असा तो क्रम होता. त्यांनी उभ्या आयुष्यात मद्याला स्पर्श केला नव्हता. मधुमेह मात्र जुना होता. तरीही सभामंडपात कुजबूज झालीच : "चोरून घेत असावेत, एरवी यकृत असे कसे जाईल?" पुढे त्यांचा मुलगा इन्व्हेंटरीच्या कामासाठी मजकडे आला. कागदपत्रे आटोपून उठता उठता तो म्हणाला, "वकीलकाका, घर नि कुळागर मला मिळेल, हा रोगही मिळाला असेल काय?"

प्रश्न वारशाचाच होता, परंतु माझ्या पुस्तकांत त्याचे उत्तर नव्हते. पित्याचे ऋण फेडणे हे धर्मशास्त्राने पुत्राचे कर्तव्य मानले. पण मद्य आणि द्यूत यांपायी झालेले ऋण त्याच्यावर लादू नये, असा अपवादही केला. गोव्याबाहेर लागू असलेल्या हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, आणि त्यानंतरच्या कर्जासाठी केवळ या धार्मिक कर्तव्याच्या आधारे मुलावर दावा लावण्याची वाटच बंद झाली. गोव्याच्या कायद्यात तर वारसा नाकारण्याचीही सोय आहे. देहाच्या वारशाला मात्र अपवाद नाही आणि नकारही नाही.

या वारशाचे स्वरूप अलीकडे काहीसे उलगडले आहे. २००८ साली अमेरिकेतील संशोधकांना पीएनपीएलए३ या जनुकातील एका लहानशा फरकाचा यकृतातील चरबीशी संबंध आढळला. त्या फरकामुळे जनुकाबरहुकूम घडणाऱ्या प्रथिनाच्या साखळीतील १४८ वा दुवा बदलतो. बदललेले प्रथिन पेशीतील चरबीच्या थेंबांवर साचून राहते आणि चरबीचे विघटन अडविते. चरबी साठते, दाह होतो, वण पडत जातात आणि कित्येकांच्या बाबतीत अखेर काठिण्य येते. काठिण्य आलेल्या रुग्णांपैकी दरवर्षी शंभरांत साधारण एक ते चार जणांना कर्करोग होतो. ज्यांच्या ठायी हा फरक आहे त्यांचा धोका इतरांहून अधिक, आणि तो आई व वडील दोघांकडूनही आला असेल तर त्याहून अधिक, असे पुढील अभ्यासांत दिसून आले. उलट, यकृताचे काही अंशी रक्षण करणारा एक फरक २०१८ साली एचएसडी१७बी१३ या जनुकात सापडला. म्हणजे सारखेच मद्य घेणाऱ्या दोघांपैकी एकाचे यकृत लवकर जाते आणि दुसऱ्याचे टिकते, याचा खुलासा केवळ त्यांच्या आचरणात शोधून मिळणार नाही.

तथापि जनुक हेच दैव, असे मानणेही तितकेच चूक होय. हा फरक मुळीच दुर्मिळ नाही. तो बाळगणारे बहुसंख्य लोक या कर्करोगावाचूनच आयुष्य पुरे करतात. स्थूलता आणि मद्य यांच्या संगतीत तो प्रबळ होतो. शिवाय घराण्यात चालत आलेले सारेच जनुकांतून आलेले नसते. कावीळ-बीचा विषाणू प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला मिळू शकतो. त्यावर लस आहे. घरातील आहाराच्या सवयीही पिढ्यानुपिढ्या चालतात, आणि त्या बदलता येतात.

आपल्या परंपरेत प्रारब्ध आणि क्रियमाण असे दोन शब्द आहेत. जे वाट्याला आले ते प्रारब्ध. आज हातून घडते ते क्रियमाण. माझ्या मते या शब्दांच्या वापराला एक मर्यादा हवी. प्रारब्ध हा शब्द मनुष्याने स्वतःच्या दुःखाला धीर देण्यासाठी वापरावा. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहून "त्याचे प्रारब्ध" म्हणणे हा पुराव्यावाचून दिलेला निकाल होय. क्रियमाणाचा हिशेबही आधी स्वतःचा मांडावा.

कोणी म्हणेल, असे बोलण्याने मद्यप्याला मोकळीक मिळते. मला तसे वाटत नाही. मद्य पिण्याची जबाबदारी पिणाऱ्याचीच आहे, आणि ज्या घराची त्याने वाताहत केली त्या घराला त्याला जाब विचारण्याचा अधिकारही आहे. परंतु तेवढ्याच मद्याने शेजारी वाचला आणि हा बुडाला, हा फरक त्याच्या करणीचा नव्हे. न्यायालयात अपराध आणि दुर्दैव यांची पृथक् नोंद होते. समाजाच्या तोंडी दोन्ही एकाच खात्यावर पडतात. ज्याने कधी प्याला हाती धरला नाही त्याच्याही नावे मग मद्यपान मांडले जाते, कारण रोगाला दोषी हवाच असतो.

त्या मुलाला मी म्हटले, "बाबा रे, कदाचित काही आले असेल, पण तो निकाल नव्हे, सूचना समज. डॉक्टरांकडून यकृत तपासून घे, साखर आणि वजन सांभाळ, मद्यापासून दूर राहा." ज्यांना काठिण्य जडलेले आहे त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी, असा वैद्यकाचा सल्ला आहे, गाठ लहान असताना सापडली तर उपाय चालतो. ही सूचना ज्याला मिळाली त्याचे कर्तव्य वाढते, दोष वाढत नाही.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नाही. सभामंडपात ती कुजबूज झाली तेव्हा मीही तेथे बसलो होतो आणि गप्प राहिलो होतो. ज्याने देवळाच्या पैपैचा हिशेब चोख दिला, त्याच्या नावावर खोटी रक्कम मांडली जात होती, आणि वकील असूनही मी हरकत घेतली नाही. ती आज घेत आहे.